टेबल फोनच्या पडद्यावर आपले नाव कसे उमटते?

मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आला, तरी पेढीवरचा टेबल फोन अजून गेलेला नाही. नगरच्या कापडबाजारात, दाळमंडईत, मार्केट यार्डात, नागापूर एमआयडीसीच्या लहान वर्कशॉपमध्ये, जेथे एकाच नंबरवर येणारा फोन चार माणसे उचलतात, तेथे हा संच काउंटरवर बसलेला असतो. मोबाईल माणसाचा असतो आणि टेबल फोन दुकानाचा. मालक बाहेरगावी गेला तरी ०२४१ चा नंबर दुकानातच वाजतो.

या संचाला एक छोटा पडदा असतो. फोन कोणाचा आला ते त्यावर उमटते. दुकानदार बंधू फोन घेताना आवाज पाहतात, रंग पाहतात, किंमत तर पाहतातच. पडद्यावरची अक्षरे मात्र कोणी पाहत नाही. ही अक्षरे वाचणारा बहुतेक वेळा मालक नसतो. तो मुनीम असतो, कटिंग मास्तर असतो, वर्कशॉपमधला हेल्पर असतो. त्याचे शिक्षण मराठी किंवा उर्दू शाळेत झालेले असते आणि पडद्यावर येते इंग्रजी. मग तो फोन उचलतो आणि विचारतो, "कोण बोलतंय?" पाच वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न कसा वाटत असेल, ते सांगायला नको.

यात एक गमतीची विसंगती आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदा-दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही पाटी मराठीत, देवनागरीत लावावी लागते, आणि ती अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. मोबाईलच्या बाबतीत केंद्र सरकारने २०१६ साली अधिसूचना काढली. भारतीय मानक १६३३३, भाग ३ नुसार मोबाईल संचावर सर्व २२ राजभाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत तो लिहिता आला पाहिजे. म्हणजे बाहेरची पाटी मराठी, पोऱ्याच्या खिशातला स्वस्तातला मोबाईलही मराठी जाणणारा. आणि मधे काउंटरवर बसलेला, त्याच्या कितीतरी पट किमतीचा टेबल फोन मात्र मराठीला अनोळखी. कारण ते मानक हातातल्या फोनसाठी आहे, टेबलावरच्या फोनसाठी नाही.

ठिपक्यांचा हिशेब

पडद्यावरचे अक्षर म्हणजे ठिपक्यांची रांगोळी होय. इंग्रजी अक्षराला आडवे पाच आणि उभे सात ठिपके पुरतात. सर्व कॅपिटल अक्षरे एवढ्या जागेत स्वच्छ बसतात. आपल्या अक्षराचे तसे नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, त्याखाली शिरोरेखा, मग अक्षराचे अंग, आणि त्याखाली उकार. वरच्या चिन्हांना तीन-चार ओळी, शिरोरेखेला एक, अंगाला सात-आठ, खाली तीन-चार, असा हिशेब केला तर सोळा ओळींच्या आत डोळ्यांना सुखाने वाचता येईल असे मराठी अक्षर बसत नाही.

आता संचांकडे पाहा. पॅनासॉनिकचा केएक्स-टी ७७३० हा संच इंटरकॉमच्या यंत्रणेबरोबर अनेक कचेऱ्यांत बसवला गेला. त्याला सोळा अक्षरांची एकच ओळ. अशा पडद्यांचा सर्वात प्रसिद्ध नमुना म्हणजे हिताची कंपनीच्या एचडी ४४७८० या चिपने घालून दिलेला. त्यात प्रत्येक अक्षराला पाच बाय आठ ठिपक्यांचे वेगळे घर असते. अक्षरे चिपमध्ये कायमची कोरलेली असतात आणि स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी फक्त आठ जागा मोकळ्या असतात. त्या आठही वीज गेली की पुसल्या जातात, म्हणून यंत्राच्या प्रोग्रामने त्या दरवेळी पुन्हा भराव्या लागतात. हे काम संच बनवणारा करू शकतो, विकत घेणारा नाही.

आठ जागांत काय होईल? आपल्या शहराचे जुने नाव 'अहमदनगर' हे सात सरळ अक्षरांचे. त्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. यंत्राला याहून सोपे नाव सापडणे कठीण. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव कागदोपत्री 'अहिल्यानगर' झाले. त्यात ऱ्हस्व वेलांटी आली, अर्धा ल आला, काना आला. घरे मोजा: अ, वेलांटी, ह, अर्धा ल, या, न, ग, र. बरोबर आठ! जागा संपल्या. राहुरीच्या उकारासाठी किंवा पाथर्डीच्या रफारासाठी एकही घर उरले नाही. शिवाय अशा पडद्यावर दोन घरांच्या मधे कोरी फट असते, त्यामुळे शिरोरेखा सलग येतच नाही, तुटक तुटक दिसते. सारांश, सोळा अक्षरांच्या एका ओळीचा संच मराठी करून देतो असे कोणी सांगितले तर त्याला पैसे देऊ नयेत.

ठिपक्यांचा सलग पडदा असलेल्या संचांची गोष्ट निराळी. यीलिंकच्या टी २१ या साध्या आयपी फोनचा पडदा १३२ बाय ६४ ठिपक्यांचा आहे. चौसष्टला सोळाने भागले की मराठीच्या चार ओळी होतात. दुकानाला चार ओळी पुष्कळ झाल्या. यापेक्षा कमी जागेत हे काम झालेले आहे. नोकियाच्या ३२१० या मोबाईलचा पडदा होता ८४ बाय ४८ ठिपक्यांचा, आणि २००० साली त्यात हिंदी मेनू आला होता. त्याही आधी पुण्याच्या सी-डॅक संस्थेने आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले 'जिस्ट' तंत्र पुढे नेऊन असे कार्ड दिले, की ते साध्या संगणकात बसवले म्हणजे डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू उमटत असे. भारतीय लिप्यांचे इस्की हे मानक १९९१ चे आहे. तेव्हा आपली लिपी यंत्राला अवघड आहे, हे कारण पस्तीस वर्षांपूर्वीच निकालात निघाले. फोन बनवणाऱ्याने जागा ठेवली नाही, कारण आपण मागितली नाही.

अक्षरे बाहेरून भरता येतात का?

काही संचांत येतात. पॉलिकॉम कंपनीच्या साउंडपॉइंट आयपी या मालिकेच्या तांत्रिक पुस्तिकेत फॉन्टवर स्वतंत्र भाग आहे. फोन सुरू होताना तो बाहेरची फॉन्ट फाइल उचलू शकतो. ही फाइल मायक्रोसॉफ्टच्या जुन्या 'एफएनटी' प्रकारची लागते, आणि तिच्या नावातच फॉन्टचे नाव, उंची किती ठिपके, आणि युनिकोडच्या कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतची अक्षरे आहेत, हे ठरलेल्या पद्धतीने लिहावे लागते. फोनमध्ये आधीपासून असलेली अक्षरे बदलू नका, नसलेल्या लिपीची भर घाला, असा सल्लाही पुस्तिका देते. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुने आयपी फोन स्वस्तात मिळतात, म्हणून आपल्यापैकी ज्यांची मुले संगणकाचे काम करतात त्यांना हा प्रयोग करण्याचा मोह होईल.

मोह जरूर व्हावा, पण अडचण आधी समजून घ्यावी. युनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा आहेत. त्या भरल्या की क, ख, ग मिळतील, वेलांटी मिळेल, मात्रा मिळेल. पण 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी नेऊन ठेवणारा, र आणि ड यांचा 'र्ड' करून रफार वर चढवणारा कारागीर फॉन्टच्या फाइलीत नसतो. तो फोनच्या प्रोग्राममध्ये असावा लागतो. ती जुळणी नसेल तर अक्षरे आली तरी शब्द येत नाही. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरशिवाय नुसती खिळ्यांची पेटी आणण्यासारखाच हा प्रकार.

परीक्षा घेण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील तालुक्यांची नावे फार उपयोगी आहेत. विक्रेत्याला म्हणावे, या फोनवर 'पाथर्डी' लिहून दाखव. रफार ड वर चढला नाही आणि र चा पाय मोडलेला दिसला, तर जुळणी नाही. 'श्रीगोंदा' लिही, श्री फुटते का ते दिसेल, आणि काना-मात्रा व अनुस्वार एकावर एक चढतात का तेही कळेल. 'राहुरी' मध्ये उकार खालून कापला जातो का ते पाहावे. आणि शेवटी 'अहिल्यानगर' लिही. वेलांटी ह च्या मागे पडली तर संच परत करावा. या चार नावांत जो पास झाला तो आपले सगळे खातेदार सांभाळील. 'नगर' मात्र लिहून पाहू नये, तो प्रत्येक फोनला येतो!

उर्दूचा प्रश्न आणखी वेगळा. आखातातून येणारे नातेवाईक कधी कधी अरबी मेनूचा फोन आणतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते, आता उर्दू नावे येतील. अरबी वर्णमालेत पे, चे, टे, डाल, अडे नाहीत. गाफसुद्धा नाही. म्हणजे निव्वळ अरबी अक्षरे असलेल्या संचावर 'अहमद' लिहिता येईल आणि 'नगर' लिहिता येणार नाही. शिवाय उर्दू वाचणाऱ्याची नजर नस्तालीकला सरावलेली असते. ते वळण उजवीकडून डावीकडे उतरत जाते, म्हणून त्याला उंची जास्त लागते. लहान पडद्यावर नस्ख वळणावरच समाधान मानावे लागते.

सरळ मार्ग हवा असेल, तर अँड्रॉइडवर चालणारा टेबल फोन घ्यावा. सिमकार्डवर चालणारेही असे संच मिळतात. त्यांत मोबाईलप्रमाणेच देवनागरी आणि उर्दू अक्षरे आणि त्यांची जुळणी असते, अक्षर मोठे करता येते. किंमत जास्त आहे आणि ज्या दुकानात पीठ, लाकडाचा भुसा किंवा ग्राइंडरची धूळ उडते, तेथे स्पर्शाचा पडदा किती टिकेल याचा विचार ज्याने त्याने करावा. माझ्या मते वेल्डिंगच्या आणि सुतारकामाच्या वर्कशॉपला बटणांचाच संच बरा.

इंग्रजी पडद्यावरच काम भागवायचे असेल तर

बहुतेक बंधू आहे तोच संच वापरणार, हे उघड आहे. त्यांनी निदान आहे त्या अक्षरांचा नीट उपयोग करावा.

पहिली गोष्ट, नावे कॅपिटलमध्ये लिहावीत. सात ठिपक्यांच्या उंचीत लहान लिपीतील जी, पी, वाय या अक्षरांच्या शेपट्या वर ओढून घ्याव्या लागतात आणि ती एकमेकांसारखी दिसू लागतात. मेनूत अक्षराचा आकार बदलण्याची सोय असेल तर (सिस्कोच्या ८८०० मालिकेत ती आहे) ती वापरावी. मोठे केल्यावर ओळीत अक्षरे कमी मावतात एवढेच. आणि फॉन्टच्या मागे लागण्यापूर्वी मेनूतील 'कॉन्ट्रास्ट' पाहावा. अक्षरे फिकट दिसतात अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा दोष अक्षरांचा नसतो. कॉन्ट्रास्ट उतरलेला असतो, किंवा संच रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला असतो आणि पडद्यावर उन्हाची तिरीप पडते. संच वीतभर फिरवला, मागची कमान चढवली की काम होते.

दुसरी गोष्ट, नावांची. ही आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी. लँडलाइनच्या कॉलर आयडीवर एक्स्चेंजकडून साधारणपणे नंबर येतो. नाव येते ते आपण फोनच्या डायरीत भरलेले. आता आपल्याकडे शेख किती, सय्यद किती, पठाण किती! आणि इंग्रजीत 'शेख' कोणी ए-आय घालून लिहितो, कोणी ई-आय घालून, कोणी नुसता ई देतो. सय्यदचे तेच, मोहंमदचे तर विचारूच नका. ज्या मुलाने ज्या दिवशी भरले त्याच्या मनाप्रमाणे स्पेलिंग पडते, आणि एकाच आडनावाची माणसे डायरीत चार ठिकाणी विखुरतात. दोन शेख एकाखाली एक दिसले की घाईत भलत्यालाच फोन लागतो. समजा, संगमनेरच्या शेखांची गाद्यांची ऑर्डर पुढे ढकलली आहे आणि हे श्रीरामपूरच्या शेखांना कळवले गेले. संगमनेरचा टेम्पो दारात येऊन उभा राहील, आणि श्रीरामपूरचा माणूस आपला माल दुसरीकडून घेईल. भाडे कोणी भरायचे यावरून जो वाद होईल तो निराळाच.

म्हणून आडनाव पुढे लिहूच नये. आधी गाव, मग नाव, मग धंदा, असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ राहुरीचे रफिक वेल्डर असतील तर 'राहुरी रफिक वेल' हे इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहिले की मधल्या दोन मोकळ्या जागा धरून बरोबर सोळा घरे भरतात. गावानुसार डायरी आपोआप लागते आणि वाचणाऱ्याला इंग्रजी पुरते येत नसले, तरी दहा-पंधरा गावांची पहिली तीन अक्षरे तो आठवड्यात ओळखू लागतो. दुकानात एक वहीचे पान करून त्यावर स्पेलिंग ठरवून टाकावे आणि ते सर्वांनी पाळावे. बिलावरचे नाव मात्र कधीही फोनच्या पडद्यावरून उतरवू नये, ते जीएसटी नोंदणीच्या दाखल्यावरूनच घ्यावे. दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये फरक पडला की त्रास गिऱ्हाइकाला होतो.

नंबर भरतानाही एक खुबी आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. म्हणून पुष्कळांनी डायरीत शून्यासकट नंबर भरले. पण येणारा नंबर बिनशून्याचा दिसतो, आणि काही संच दोन्ही नंबर एकच आहेत हे ओळखत नाहीत. मग नाव न येता नुसते आकडे येतात. स्वतःच्या मोबाईलवरून दुकानात फोन लावून ही तपासणी दोन मिनिटांत करता येते.

फोन करणाऱ्याचे नाव यंत्रणेनेच पडद्यावर पाठवावे, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. हे नाव सिमकार्डाच्या अर्जावरचे असावे, असे तीत म्हटले आहे. आपल्याकडे वडिलांच्या नावावरचे सिम मुलगा वापरतो आणि भावाच्या नावावरचे कारागीर, तेव्हा पडद्यावरच्या अशा नावावर विसंबून उधारी देण्याची घाई कोणी करू नये. आपली डायरी ती आपली डायरी.

कागदी पट्टीचे काम

आता ज्या गोष्टीकडे सर्वांचे दुर्लक्ष होते तिच्याविषयी. पुष्कळ टेबल फोनांना बाजूला एका बटणात नंबर लावणारी बटणे असतात, आणि प्रत्येक बटणापाशी प्लास्टिकच्या झाकणाखाली कागदाची पट्टी असते. बहुतेक दुकानांत ती कोरीच राहते, किंवा बॉलपेनने काहीतरी खरडलेले असते आणि ते पुसट झालेले असते. फोनवरची हीच एक जागा अशी आहे, की जेथे ठिपक्यांचा, चिपचा, जुळणीचा कसलाही अडथळा नाही. तेथे श्री-लिपीतील मराठी छापा, इनपेजमधील नस्तालीक छापा, कोण अडवणार? आठ-दहा नेहमीची माणसे, ट्रान्सपोर्ट, बँक, गोडाऊन, घर, एवढे पट्टीवर आले की इंग्रजी न येणाऱ्या कामगाराचा निम्मा प्रश्न सुटतो.

झेंडीगेट, मुकुंदनगर, भिंगार या भागांत डीटीपीची कामे करणारी पुष्कळ मुले आहेत. लग्नपत्रिकेचा हंगाम संपला की ती रिकामी असतात. हाताने पाट्या रंगवणाऱ्या पेंटर मंडळींचे काम तर फ्लेक्सने कधीच नेले. ज्यांचा हात अक्षरांवर बसलेला आहे, त्यांनी हे काम धरावे: दुकानात जायचे, संचाची पट्टी बाहेर काढून मोजायची, त्या मापात दोन भाषांत छापून द्यायची, आणि त्याच बैठकीत फोनची डायरी ठरलेल्या स्पेलिंगने भरून द्यायची. एका दुकानाचे काम तासाभराचे आहे, आणि मार्केट यार्डासारख्या ठिकाणी एकाचे पाहून दुसरा बोलावतो.

पट्टी छापताना मराठीला ठळक, साध्या वळणाचा फॉन्ट घ्यावा. नक्षीदार वळण पत्रिकेवर शोभते, पट्टीवर त्याच्या बारीक रेषा तुटतात. उर्दूसाठी नस्तालीक घेतल्यास एका बटणापाशी एकच शब्द टाकावा, दोन शब्द टाकले की उतार वाढून वरच्या ओळीला भिडतो. चकाकणारे लॅमिनेशन करू नये. ट्यूबलाइटखाली ते चमकते आणि अक्षर दिसत नाही. पट्टी काउंटरवर आलेल्या गिऱ्हाइकालाही वाचता येते, हे विसरू नये. एखाद्या खातेदाराच्या नावापुढे 'बाकी' असे छापून ठेवले, तर तो एक दिवस समोर उभा राहून ते वाचणारच. आणि पहिली छपाई साध्या कागदावर करून महिनाभर वापरावी. कोणत्या बटणावर हात जास्त जातो ते तेवढ्यात कळते, त्याप्रमाणे क्रम बदलून मग पक्की पट्टी करावी.